वाढत्या अंगाचा पोशाख

सोम. १७ नोव्हेंबर १९६९, लोणावळा

कानडेबाई आज बंगल्यावर आल्या. नंदाच्या शाळेतल्या कवायतीच्या बाई. मी व्हरांडा पुसत होते, पदर खोचलेला, हात ओले. खुर्ची दिली तरी त्या पायरीवरच बसल्या. म्हणाल्या, "नंदाच्या आई, सात डिसेंबरला तळेगावच्या तळ्यावर शाळांच्या पोहण्याच्या शर्यती आहेत. आपल्या शाळेतून मुलगी एकच. तुमची."

म्हटलं, जाऊ दे की.

"पण परकर-पोलक्यात नाही चालायचं. पोहायचा पोशाख पाहिजे. कॉश्चूम."

हो म्हटलं. हे असते तर दोनदा हो म्हणाले असते. नंदा पाच वर्षांची असताना ह्यांनीच तिच्या कमरेला वाळके भोपळे बांधून तिला मळवलीच्या नदीत सोडली. मी काठावरून ओरडत होते आणि हे हसत होते. ह्यांना जाऊन येत्या माघात तीन वर्षं होतील. अजून रोज दोन कप चहाचं आधण ठेवते आणि मग एक कप पाणी ओतून देते.

पोशाख म्हणजे नक्की केवढा, ते बाईंना विचारायचं राहिलं. राहिलं कसलं. विचारवलं नाही.

गुरु. २० नोव्हें.

मालकीणबाई दिनाबाई काल मुंबईहून आल्या. आठवडाभर राहतील, मग थेट नाताळात. माळ्यानं त्यांना शर्यतीचं सांगितलं असावं.

"सुमन, तुझी बेबी शर्यतीत पोहते नी मला सांगत नाय? मला माली सांगणार?" असं म्हणत आतून एक निळा पोशाख घेऊन आल्या. "आमच्या नातीचा, रोशनचा. ती आता केवढी झाली! घे नी. लाजते काय? तुझी बेबी पाण्यात साडी नेसून जाणार काय?"

गर्द निळा. विणीचा. ओढला की ताणतो, सोडला की पुन्हा होता तेवढा. मुठीत मावतो.

मागच्या खोलीत, म्हणजे आमच्या घरात, नंदानं दार लावून तो घातला. हात वर केले, वाकली, उड्या मारल्या. "आई, कुठं टोचत नाही की काही नाही. अंगावर आहे हेच कळत नाही!"

मी बघत राहिले. पाठ उघडी, पाय उघडे. पोर मोठी व्हायला लागलीय हे परकर-पोलक्यात कधी ध्यानात आलं नव्हतं.

"काढ," म्हटलं.

"का?"

"लहान पडतो. सहा महिन्यांत टाकून द्यावा लागेल."

"लहान नाहीये गं, बघ तरी…"

"काढ म्हटलं ना."

तिनं काढला. मी घडी करून पेटीत तळाशी ठेवला. दिनाबाईंना सांगितलं, छान बसला.

त्यांची जुनी पातळं मी नेसते. त्यांच्या पडद्यांचे नंदाला परकर शिवलेत. त्याचं काही वाटलं नाही कधी. पण अगदी अंगालगत घालायचं ते दुसऱ्याचं उतरलेलं नको. शिवाय मळवलीला सासूबाईंच्या कानावर गेलं तर त्या काय म्हणतील. ही दोन्ही कारणं बरोबर आहेत.

शनि. २२ नोव्हें.

बाजारात गेले होते. कापडवाल्याला विचारलं, मुलीसाठी पोहायचा पोशाख मिळेल का.

"मुलीसाठी? वहिनी, इथं मुली भिजतात त्या पावसात. त्याला छत्री देतो, घ्या." दुकानात दोन गिऱ्हाईकं होती, तीही हसली. मग पुरुषांच्या चड्ड्या दाखवायला लागला. निळं पॉपलीन घेऊन बाहेर पडले.

घरीच शिवेन. बंगल्यावरच्या बायकांची पोलकी बेततेच की मी.

मंगळ. २५ नोव्हें.

बेतून झाला. मासिकात मुलांच्या झबल्याचा नमुना आला होता, त्यावरून काढला. बाह्या कोपरापर्यंत, पाय गुडघ्यापर्यंत, गळा बंद, मागं बटणं, कमरेला नाडी. सगळीकडे चार बोटं जास्त. वाढत्या अंगाचा.

आमच्याकडे मुलाचं कापड अंगाबरोबर बेतलं तर म्हातारी माणसं लगेच म्हणतात, का, पोर उद्या वाढायचं नाही वाटतं? अंगाबरोबर शिवणं म्हणजे पोराची वाढ आपणच रोखणं. नंदाचा कुठलाही झगा पहिल्या वर्षी तिला मोठा, दुसऱ्या वर्षी बेताचा आणि तिसऱ्या वर्षी आखूड. तसाच हाही.

नंदानं कपड्यांवरूनच लावून पाहिला. "आई, ह्यात मी आणि वर्गातली कुणीतरी, दोघी मावू."

मला हसू आलं. ती हसली नाही.

शुक्र. २८ नोव्हें.

दिनाबाई मुंबईला गेल्या, तसा माळ्यानं बंगल्यातला पोहायचा हौद रिकामा केला. शेवाळ घासायचंय. नंदा म्हणाली, "मग रविवारी आजीकडे मळवलीला जाऊ. नदीत घालून बघते."

नाही म्हटलं. नव्या कपड्याची घडी त्या दिवशीच मोडायची. "दिवाळीचा झगा आदल्या दिवशी घातलास का कधी?"

"हा काय झगा आहे?"

उलट बोलते म्हणून रागावले. इस्त्री करून पोशाख फडताळात ठेवला. कडक छान दिसतोय. शिवणही सरळ आलीय.

शनि. ६ डिसें.

उद्या तळेगाव. शाळेच्या फाटकाशी कानडेबाई भेटल्या. "पोशाखाचं झालं ना?"

झालं म्हटलं.

"बघू बरं कसा आहे."

"उद्याच बघा."

जेवताना नंदानं विचारलं, "तो निळा परत दिलास?"

"दिला."

का तसं म्हटलं माहीत नाही. तिनं भात कालवला.

रवि. ७ डिसें.

झालं. लिहवत नाही.

नंदा जेवली नाही. पोशाख तळ्याच्या पायरीवरच राहिला. आणायला कुणी गेलं नाही.

मंगळ. ९ डिसें.

लिहिते. नाही लिहिलं तर डोक्यात तेच फिरत राहतं.

थंडी होती. तळ्यावर पोरांच्या शर्यती आधी झाल्या. काठावर माणसं बरीच. मुलींच्या शर्यतीला तिघी. दोघी पुण्याच्या, अंगावर दिनाबाईंनी दिला तसलेच पोशाख. त्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं. पाहत होते नंदाकडे. पोरांतला एक ओरडला, "अरे, ही आजोबांचा लेंगा घालून आली!" कानडेबाई जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "नंदाच्या आई, हे काय हो?" तोवर शिट्टी झाली.

तिनं उडी मारली. पाठीवर कापड फुगून वर आलं, मोठा फुगा झाला. लोक हसले. दुसऱ्या कुणाची पोर असती तर मीही हसले असते. मग हवा निघून गेली आणि पाणी भरलं. बाह्या हातांत अडकायला लागल्या. चार बोटं जास्तीचा गळा, तो खांद्यावरून घसरला, मागची बटणं तुटली. तिनं एका हातानं कापड धरलं, मग दोन्ही हातांनी. हात कापडाला लावल्यावर पोहणार कशानं? नुसते पाय मारत राहिली. एकदा तोंड पाण्याखाली गेलं. दुसऱ्या दोघी पलीकडे पोचल्यासुद्धा.

कशीबशी वळली आणि पायऱ्यांपाशी आली. पायरीवर पाय टेकले तरी वर येईना. गळ्यापर्यंत पाण्यात उभी. ओठ काळेनिळे पडलेले. कानडेबाई चपलांसकट पाण्यात उतरल्या, स्वतःची शाल तिच्याभोवती गुंडाळून तिला वर आणली.

येताना गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. मी शेंगा घेतल्या. तिनं घेतल्या नाहीत. त्या अजून पिशवीत आहेत.

गुरु. ११ डिसें.

परवा लिहिलं त्यात एक गोष्ट गाळली.

पाण्यात उभी असताना तिनं मला हाक मारली होती. "आई." मग पुन्हा, मोठ्यानं. मी वरच्या पायरीवर होते, हातात तिचा टॉवेल. चार पायऱ्या उतरल्या की झालं असतं. शेजारी एक बाई उभ्या होत्या, चांगल्या घरच्या, हातात थर्मास. त्यांनी विचारलं, "कुणाची हो ती?"

मी म्हटलं, "काय माहीत."

आणि टॉवेल पदराखाली घेतला.

मग कानडेबाई उतरल्या.

मी शाळेत गेलेली नाही. लग्न झाल्यावर ह्यांच्या रेल्वेच्या पासवर माहेरी जाता-येता स्टेशनांच्या पाट्यांवरून अक्षरं जमवली. मळवली, कामशेत, वडगाव. नाव आधी ठाऊक असायचं, मग अक्षर कळायचं. हे घाटात रुळांवर कामाला. येताना कुणी टाकलेला पेपर घेऊन यायचे. पुढं वाचनालय. वाचायला यायला लागल्यापासून मला वाटायचं की मी वस्तीतल्या इतर बायकांपेक्षा थोडी वेगळी आहे. कादंबरीतली बाई सगळ्या गावासमोर आपल्या माणसाच्या बाजूनं उभी राहिली की मला रडू येतं. पुस्तक ओलं होईल म्हणून बाजूला ठेवते.

आणि चार पायऱ्या उतरले नाही.

रवि. १४ डिसें.

सासूबाई आल्या. पिशवीत आंबेमोहोर. मळवलीपर्यंत बातमी गेलीच होती. पिशवी खाली ठेवायच्या आत म्हणाल्या, "काय गं सुमन, पोरीला पोत्यात बांधून तळ्यात सोडलीस म्हनं?"

नंदा आत होती. मी म्हटलं, आत्याबाई, हळू बोला.

"हळू कशापायी? आख्ख्या गावाला ठावं हाय. मांजराची पिल्लं टाकत्यात तशी टाकलीस का काय?"

मी म्हटलं, तुम्हाला काय वाटेल म्हणून अंगभर शिवला. मालकीणबाईंनी दिलेला तोकडा होता.

तेव्हा त्या खाली बसल्या. माझ्याकडे नीट पाहिलं.

"मला? माझं नाव कशाला घालतीस त्यात? मला इचारलंस का येकदा तरी? आमी समद्या बाया नदीवर धुनं घिऊन जायाचो. लुगडं धून वाळत घातलं की आंगावर काय ऱ्हायाचं, काय सोनं? मानसं वरच्या वाटंनं जायाची. त्यानला बी ठावं, आमाला बी. पान्यात लाज आसती व्हय?"

मग आत जाऊन नंदाच्या डोक्यावरून हात फिरवला. "चल गं बाय, माज्यासंगं." ती म्हणाली, "नको आजी, शाळा आहे."

मी मळवलीची भीती म्हणत होते ती मळवलीची नव्हतीच. उतरलेल्या कपड्याचं कारणही खोटं. लोक पोरीकडे बघतील, मग तिच्यामागं उभ्या असलेल्या माझ्याकडे बघतील. नवरा नसलेली बाई, पोरीला हे असलं घालून उभी करते. एवढंच होतं ते. पोरीची अब्रू म्हणत होते, माझी झाकत होते.

सासूबाई जाताना दारात म्हणाल्या, "रडू नगं. कालवन लय बेस केलतंस." कालवण खारट झालं होतं.

बुध. १७ डिसें.

कानडेबाई आल्या होत्या. जानेवारीत पुण्याला चाचणी आहे, तिथं पुन्हा पोहून दाखवता येईल. "मी तिचं नाव काढलेलं नाही. पण ती मनानं आली पाहिजे. ओढून आणू नका. आणि ह्या वर्षी राहिली तर पुढच्या वर्षी ती पाण्याच्या वाटेला जायची नाही, मी पाहिल्यात अशा मुली. एक तारखेपर्यंत सांगा."

आतून नंदाचा आवाज. "मी येणार नाही, बाई."

हौद घासून पुन्हा भरलाय. रोज शाळेतून आली की दप्तर टाकून हौदाकडे पळायची. आता स्वयंपाकघराच्या दारानं येते, तिकडून हौद दिसत नाही.

बाईंना चहा दिला. चपला त्याच होत्या, पाण्यानं कातडं तडकलेल्या. मी बघते आहे हे पाहून त्यांनी पाय पातळाखाली ओढून घेतले.

शनि. २० डिसें.

निळा पोशाख पेटीतून काढून नंदापुढं ठेवला. म्हटलं, हा परत दिला नव्हता. मी खोटं बोलले.

"माहीत होतं. स्वेटर काढताना दिसला होता. शर्यतीच्या आधीच."

"मग बोलली का नाहीस?"

"तुला तो नको होता ना."

म्हटलं, हा तुला लहान नव्हता. बरोबर होता. मला बघवलं नाही, म्हणून लहान म्हटलं. आता तूच निवड. हा घाल, नाहीतर मुंबईहून नवा मागवू. म्हणशील तो.

"कुठलाच नको."

ती पोशाखाची कड बोटानं ताणत होती आणि सोडत होती. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "मी हाक मारली तेव्हा तुला ऐकू आली होती का?"

आली नाही म्हणता आलं असतं. तिथं गलका होता.

म्हटलं, "आली होती."

"बरं," म्हणाली.

थर्मासवाल्या बाईंना काय उत्तर दिलं ते नाही सांगितलं. ते कसं सांगतात.

गुरु. २५ डिसें.

दिनाबाई आल्या, सोबत नातवंडं, घरभर पसारा. रोशन हौदात. मी टॉवेल घेऊन काठाला उभी.

"सुमन, बेबी जिंकली काय?"

सगळं सांगितलं. पोशाख बसला होता, मी घालू दिला नाही, घरी शिवला, त्याचं काय झालं ते. हसतील असं वाटलं होतं. नाही हसल्या.

"मला सांगायचा ना. दुसरा दिला असता."

"दुसरा नको होता बाई. तोच बरोबर होता."

"तर मग?"

मी टॉवेलची घडी पुन्हा घातली. रोशननं बोलावलं, "नंदा, कम ना!" नंदा माळ्याबरोबर वाळलेली पानं गोळा करत होती. मान हलवली. टोपली उचलून मागं निघून गेली. तिचं अंग पाण्याकडे ओढ घेतं ते मला पाठमोरं दिसतं. चालताना खांदा पोहताना फिरतो तसाच फिरतो.

रवि. २८ डिसें., मळवली

काल संध्याकाळी नंदाला घेऊन इथं आले. सुट्टी आहे म्हटलं, आजीकडे जाऊ. निळा पोशाख आणला नाही. विचार केला आणि नाही आणला.

आज सकाळी उन्हं चढल्यावर नदीवर. सासूबाईंचं धुणं घेऊन. नंदा वरच्या खडकावर जाऊन बसली, गुडघे पोटाशी. भावकीतल्या दोन बायका धुवत होत्या. मी धुणं आपटलं, पिळलं, बाजूला ठेवलं. मग चपला काढल्या आणि पाण्यात गेले.

मला पोहता येत नाही. कधी गुडघ्याच्या वर गेलेले नाही. पाणी इतकं गार की श्वास अडकला. कमरेपर्यंत गेले तशी पातळ चारी बाजूंनी फुगून वर आलं, भाकरीसारखं. दाबलं तर दुसरीकडून वर. त्या बायका धुणं टाकून हसायला लागल्या.

"आगं सुमन, काय येड लागलं का गं तुला!"

"जावबाय, होडी झाली की गं तुमची!"

लाज वाटली. वाटू दिली. आणखी एक पाऊल टाकलं, पायाखालचा दगड शेवाळलेला, तोल गेला, एक हात पाण्यात. नाकातोंडात पाणी.

"आई! पुढं नको, तिथं खोल आहे." नंदा खडकावर उभी राहिली होती.

"किती?"

"तुझ्या डोक्यावरून जाईल! मागं फिर. उजवीकडे नको गं… डावीकडे वाळू आहे, डावीकडे ये!"

ती सांगेल तसे पाय टाकत आले. ती खडकावरून उतरली होती, कडेला, पाण्याच्या अगदी लगत. पाय ओले नव्हते. माझा हात मात्र धरला, मनगटापाशी घट्ट, बुडत्याला धरायला ह्यांनी तिला शिकवलं होतं तसा.

काठावर दात वाजत होते. तेव्हाच सांगितलं. ती बाई मला विचारत होती कुणाची मुलगी, आणि मी काय म्हणाले ते. नंदानं ऐकून घेतलं. माझ्याकडे नाही, पाण्याकडे बघत होती. "बरं"सुद्धा म्हणाली नाही.

सासूबाईंचं लुगडं झाडाआड नेसून आले. ओलं पातळ पिळायला घेतलं. एकटीला आवरेना, फार पाणी धरलं होतं. नंदा उठली आणि तिनं दुसरं टोक धरलं. मी पीळ दिला तर तिच्याकडून सुटत होता, तिनं दिला तर माझ्याकडून.

"तू नको फिरवू," म्हणाली. "तू नुसतं धरून उभी राहा."

धरून उभी राहिले. ती पिळत होती, पाणी वाळूवर पडत होतं.

कानडेबाईंना गुरुवारी, एक तारखेला, सांगायचं आहे. मी तिला विचारलेलं नाही.